खान्देशात हाउसलीक: पाण्याआधी कॅलेंडर बदला

खान्देशात हाउसलीक (सेम्परव्हायवम, गुलाबाच्या फुलासारखं दिसणारं मांसल पानांचं शोभेचं झाड) बहुतेक दोन वेळा मरतं. एकदा एप्रिल-मेमध्ये, कोमेजल्यासारखं दिसलं म्हणून कुणीतरी मायेने तांब्याभर पाणी ओततं तेव्हा. दुसऱ्यांदा जून-जुलैत, ‘पहिल्या पावसात भिजू दे, बरं वाटेल त्याला’ म्हणून उघड्यावर ठेवलं जातं तेव्हा. कारण दोन्हीकडे एकच आहे: गरम आणि ओलं एकाच वेळी. नुसती थंडी त्याला मारत नाही, नुसता कोरडेपणाही सहसा मारत नाही.

नर्सरीच्या लेबलवर ‘हार्डी’ लिहिलेलं असतं, त्यामुळे फसगत होते. हा काटकपणा थंडीपुरता आहे. आल्प्स, पिरेनीज, बाल्कन, कॉकेशस अशा डोंगरांत खडकांच्या भेगांत वाढणारं हे झाड बर्फाखाली महिने काढतं. भुसावळच्या मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांची त्याला सवय नाही. ‘भरपूर ऊन द्या, पावसात राहू द्या आणि विसरून जा’ हा सल्ला थंड देशांसाठी बरोबर आहे. जळगाव-धुळ्याच्या गच्चीवर तो जसाच्या तसा पाळला की दसऱ्यापर्यंत कुंडी रिकामी होते.

हे झाड पानांची रंध्रं दिवसा मिटतं आणि रात्री उघडतं. रात्र गार असेल तरच त्याचं काम नीट चालतं. मे महिन्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो, तेव्हा झाड काम जवळपास थांबवतं, मुळंही पाणी ओढत नाहीत. अशा वेळी ओतलेलं पाणी कुंडीत पडून राहतं, दुसऱ्या दिवशी दुपारी तापतं आणि मुळं आत उकडून निघतात. बुरशी त्यानंतर येते, आणि आपण औषध बुरशीवर मारत बसतो.

म्हणून आपल्याकडे या झाडाचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाढ, मार्चमध्ये स्थलांतर, एप्रिल ते जून विश्रांती, जुलै ते सप्टेंबर आडोसा, ऑक्टोबरमध्ये सावधगिरी. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका. विशेषतः जागा आणि माती तयार नसताना रोप घरी आणू नका.

## १. हातात आहे ते खरंच हाउसलीक आहे का?

गुलाबाच्या फुलासारखी पानांची मांडणी, म्हणजे रोझेट, दिसली की बरेच विक्रेते एकच नाव लावून मोकळे होतात. त्यातली पुष्कळ रोपं इचेव्हेरिया किंवा ग्रॅप्टोपेटॅलम असतात. ओळख पटवायला तीन गोष्टी पुरतात.

पानाची कड मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठी करून पाहा. हाउसलीकचं पान तुलनेने पातळ आणि टोकदार असतं, कडेला बारीक केसांची झालर असते. इचेव्हेरियाचं पान सहसा गुळगुळीत असतं, अनेक जातींवर भुकटीसारखा पांढरा थर असतो आणि बोट लावलं की ठसा उमटतो.

मग पिल्लं पाहा. हाउसलीकची पिल्लं आईपासून दोऱ्यासारख्या आडव्या दांड्यावर बाहेर येतात.

तिसरी खूण फुलाची, ती लगेच दिसेलच असं नाही. हाउसलीकचा फुलदांडा रोझेटच्या मधोमध उभा राहतो आणि फूल अनेक पाकळ्यांच्या चांदणीसारखं असतं. इचेव्हेरियाचा दांडा बाजूने निघतो, फुलं घंटेसारखी आणि पाच पाकळ्यांची असतात. फुलून गेल्यावर इचेव्हेरिया जगतो, हाउसलीकचं ते रोझेट मरतं.

तपासणी: खालचं एक पान बाजूला हलवून काढा. सहज, अख्खं निघालं आणि कोरड्या जागेत नुसतं पडून असताना त्याला बारीक रोप फुटलं, तर ते हाउसलीक नाही. हाउसलीक पानापासून असं वाढत नाही.

इचेव्हेरिया निघाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. हेच कॅलेंडर त्यालाही चालतं, चुकाही तो थोड्या जास्त पोटात घालतो. ग्रॅप्टोपेटॅलम तर आपल्या हवेत सगळ्यांत सोशिक. मी तर म्हणेन, या प्रकारात नवखे असाल तर पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा ग्रॅप्टोपेटॅलमवरच काढा. ते सप्टेंबरअखेर धडधाकट राहिलं, तरच हाउसलीकवर पैसे घाला.

सावधान: भडक निळ्या, इंद्रधनुषी हाउसलीकच्या बियांची पाकिटं घेऊ नका. असे रंग या झाडात नसतात, फोटोत भरलेले असतात. खऱ्या बियांपासूनही आईसारखंच रोप येईल याची खात्री नसते. संग्रह करायचा असेल तर पिल्लंच घ्यायची.

## २. जागा: एक नव्हे, दोन

वर्षभर एकाच ठिकाणी हे झाड इथे राहत नाही. रोप घेण्याआधी दोन जागा ठरवा.

हिवाळ्याची जागा. पूर्वेची किंवा दक्षिणेची उघडी बाजू, पाच-सहा तास थेट ऊन. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंत इथे ठेवायचं. या दिवसांत आपल्याकडे किमान तापमान कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतं. झाडाला तेच हवं असतं. शेकोट्या पेटतात, भरीत पार्ट्या रंगतात, त्या रात्री रोपं बिनधास्त बाहेर राहू द्या. गारठ्याची भीती वाटून घरात घेतलीत तर वर्षातले सगळ्यांत चांगले दिवस वाया जातील.

उन्हाळा-पावसाळ्याची जागा. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन, नंतर लख्ख उजेडाची सावली, वारा आरपार आणि वरून पाऊस पडणार नाही असा आडोसा. उत्तरेचा ओटा, पूर्वेच्या गॅलरीची आतली बाजू, कौलारू पडवी या जागा चांगल्या. कडुलिंबाखालची सावलीही चालते, पण गळलेली पानं रोझेटमध्ये अडकतात आणि पावसाळ्यात तिथेच कुजायला लागतात, तेव्हा ती वेचत राहावं लागतं.

पुढच्या जागा टाळा: पत्र्याच्या लगेच खाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकून, एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर, थेट स्लॅबवर. कूलरचा झोत तर अजिबात नको. झोत गार असतो खरा, पण ओलाही असतो.

तपासणी: मार्चअखेर रात्री दहा वाजता त्या जागेच्या फरशीवर आणि भिंतीवर तळहात ठेवा. ऊब लागली तर कुंडी तिथे नको. दुसरी जागा नसेलच तर विटांवर फळी टाकून कुंड्या फूटभर उचला, खालून हवा फिरू द्या.

शेडनेट लावायची असेल तर मार्चमध्ये ५० टक्के आणि एप्रिलपासून ७५ टक्के सावलीची. जाळी कुंड्यांपासून निदान तीन-चार फूट उंच बांधा आणि बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी गुंडाळलेल्या जाळीत हवा कोंडते आणि आत भट्टी तयार होते.

तोरणमाळसारख्या हजार मीटरहून उंच ठिकाणी राहणाऱ्यांना उन्हाळा सोपा जाईल. पावसाचं छप्पर मात्र तिथेही चुकत नाही.

## ३. कुंडी

कुंभाराकडची पसरट, बिनपॉलिशची मातीची कुंडी घ्या. तोंड पाच-सहा इंच आणि खोली चार इंच असली की झालं. मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे खोल कुंडीतली खालची माती उगाच ओली राहते. मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल उडते आणि त्यासोबत थोडा गारवाही मिळतो. नर्सरीची काळी प्लास्टिक कुंडी उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. प्लास्टिकच वापरायचं झालं तर पांढरं घ्या.

भोक एकच आणि बारीक असेल तर आणखी दोन-तीन पाडून घ्या. कुंडी आधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर तडा जातो.

नेहमीची चूक: तळाला खापऱ्या किंवा जाड खडीचा थर घालणं. पाणी लवकर निघावं म्हणून घालतात, होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा.

काचेचे वाडगे, चहाचे कप, बिनभोकाची सिरॅमिकची भांडी यांचा विषयच नको. ती फोटोपुरती ठीक.

## ४. माती: चाळणी हेच खरं अवजार

आपल्या काळ्या मातीने कपाशी पिकते, केळी पिकते, या झाडाला मात्र ती चिमूटभरही नको. काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि त्या ओढाताणीत बारीक मुळं तुटतात. नुसतं कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको. ते एकदा पूर्ण सुकलं की वरून घातलेलं पाणी आत शिरू देत नाही, आणि भिजलं की आठवडाभर ओल सोडत नाही.

मापाने, म्हणजे डबा भरून, असं मिश्रण करा:

- ३ डबे बारीक खडी, साधारण ३ ते ६ मिलिमीटरची
- १ डबा वीटभट्टीवरच्या फुटक्या विटांचा जाडसर चुरा
- १ डबा नदीची भरड वाळू
- १ डबा पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत

साहित्य अवघड नाही, सगळी मेहनत चाळण्यात आहे. दोन जुन्या चाळण्या घ्या, एक मोठ्या भोकांची आणि एक रव्याची. मोठ्या भोकांच्या चाळणीतून खाली पडेल आणि रव्याच्या चाळणीत वर राहील तेवढाच माल कामाचा. खाली गेलेली धूळ टाकून द्या. खडी क्रशरवरून आणली असेल तर तिच्यातली डस्ट पाणी पडताच सिमेंटसारखी बसते. खडी, विटा, वाळू तिन्ही धुवून घ्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. खडीऐवजी मुरूम वापरायचा असेल तर टणक दाण्यांचा निवडा. बोटांनी चुरडला जाणारा मुरूम दोन पावसाळ्यांत चिखल होतो.

शेणखताचा वास येत असेल, हात लावल्यावर गरम लागत असेल, तर ते अजून कुजलेलं नाही. ते बागेत दुसरीकडे घाला.

तपासणी: कुंडी भरून झाडाशिवायच पेलाभर पाणी ओता. ते वर साचू नये, काही सेकंदांत खालून निघायला हवं. मग खराट्याची एक काडी मधोमध तळापर्यंत खोचून ठेवा. हिवाळ्याच्या उन्हात तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कोरडी निघाली तर मिश्रण जमलं. आठवड्याने काडी ओली निघाली तर खडी वाढवा. ही तपासणी न करता लावणी करू नका. एकदा झाड बसलं की माती सुधारता येत नाही.

## ५. खरेदी: नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी

होळीच्या आसपास नर्सऱ्या रंगीबेरंगी रोपांनी भरलेल्या असतात. तेव्हा घेऊ नका. थंड प्रदेशातून आलेलं रोप तेव्हा रंगाच्या ऐन बहरात असतं आणि मुळं धरायच्या आत त्याला आपला एप्रिल गाठतो. रोपाला इथे मुळं धरायला पुरेसे गारव्याचे दिवस मिळायलाच हवेत.

कालिम्पोंगसारख्या डोंगराळ भागातल्या रोपवाटिकांमधून बरीच सक्युलंट, म्हणजे अशी मांसल पानांची झाडं, कुरिअरने येतात. मागवताना विक्रेत्याला तीन गोष्टी सांगा: माती झाडून, मोकळ्या मुळांचं रोप पाठवा, कोरड्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आणि प्रत्येक रोपाला नावाची पट्टी बांधा. पार्सल शनिवार-रविवारी गोदामात अडकू नये म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला पाठवायला सांगितलेलं बरं.

सावधान: परदेशातून जिवंत रोपं मागवायला आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाचा तो नियम आहे. ‘आम्ही गिफ्ट म्हणून पाठवतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या नादी लागू नका. रोग-किडी देशात येऊ नयेत म्हणून हा नियम आहे, आणि पार्सल अडवलं गेलं तर पैसेही गेले आणि रोपही.

कोणते प्रकार घ्यावेत? सुरुवात टेक्टोरम आणि त्याच्या संकरांपासून करा. पानं मोठी आणि केस कमी असल्याने पाणी अडकत नाही. कॅल्केरियमही घ्या. राखाडी-हिरव्या पानाला गडद तांबडं टोक असतं, आणि मुळात चुनखडीवर वाढणारा असल्याने आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याची त्याला फारशी तक्रार नसते. कोळ्याच्या जाळ्यासारखे केस पांघरलेलं अरॅक्नॉइडियम: सगळ्यांना पहिल्यांदा तेच हवं असतं. पण दमट हवेत ते जाळं ओल धरून ठेवतं, म्हणून एक पावसाळा बाकीच्या जाती सुखरूप काढल्यावरच ते आणा. उंच पर्वतांवरचं मोंटॅनम मैदानी खान्देशासाठी नाही, असं माझं मत. हौस म्हणून पैसे घालवायचे असतील तर गोष्ट वेगळी.

रोप निवडताना रंग पाहू नका, रंग ऋतूबरोबर बदलतो. मधला गाभा दाबून पाहा. तो घट्ट हवा. रोझेट धरून हलकेच हलवा, डुगडुगलं तर मुळं नाहीत किंवा कुजली आहेत. मध्य उंचावून शंकूसारखा होत चालला असेल तर ते रोझेट फुलणार आणि मरणार, ते घेऊ नका.

## ६. लावणी आणि पहिला पंधरवडा

१. पार्सल उघडा, नावाची पट्टी सुटणार नाही याची आधी सोय करा, मगच रोपाला हात लावा.

२. काळी पडलेली, पोकळ मुळं स्वच्छ कात्रीने कापा. खालची वाळलेली पानं सोलून काढा. पानांच्या बेचक्यात आणि मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात का पाहा. हा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण; कपाशीवर तो पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. दिसले तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून घ्या.

३. रोप दोन दिवस सावलीत, कागदावर उघडं ठेवा. कापलेल्या जागा सुकू देण्यासाठी हे आहे. घाईने हीच पायरी गाळली जाते.

४. मिश्रण कोरडं असतानाच लावा. मुळं पसरा, रोझेटचा तळ मातीला जेमतेम टेकेल एवढंच बसवा. मान मातीत पुरली की तिथूनच सड लागते.

५. वर बोटाच्या पेराएवढा खडीचा थर द्या, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला चिकटत नाहीत.

६. चार दिवस पाणी नाही. पाचव्या दिवशी सकाळी कुंडीच्या कडेने, खालून निघेपर्यंत.

७. पहिला आठवडा सावलीच्या उजेडात. मग रोज तासभर वाढवत दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण हिवाळी उन्हात.

तपासणी: पंधरवड्यानंतर रोप हलकेच ओढा. मातीने धरून ठेवलं तर मुळं फुटली. सुटून हातात आलं तर पाणी वाढवू नका. तळ पाहा, पांढरा आणि कडक असेल तर परत ठेवा आणि वाट बघा.

## ७. हिवाळा: वाढ, खत आणि पिल्लं

हे सोपे महिने. खराट्याची काडी कोरडी निघाली की दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर पाणी, मग पुन्हा काडी कोरडी होईपर्यंत काही नाही. साधारण सात-आठ दिवसांनी पाळी येते. पाणी रोझेटवर ओतू नका. बोअरचं पाणी पानावर सुकलं की पांढरे डाग राहतात, ते नंतर पुसले जात नाहीत.

खत वर्षातून एकदाच, डिसेंबरमध्ये, चमचाभर गांडूळखत कडेने. शेतातला युरिया हाताशी असतो म्हणून चिमूटभर टाकायचा मोह होतो. तो टाळा. नत्राने पानं फोफावतात, मऊ पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांत आधी तीच रोपं सडतात.

पिल्लं वेगळी करायची ती याच काळात, जानेवारीच्या मध्यापर्यंत. दांडा हिरवा असेपर्यंत आई पिल्लाला पोसत असते. दांडा सुकून तपकिरी झाला आणि पिल्लाखाली स्वतःची मुळं दिसली की ब्लेडने कापा, दोन दिवस सुकवा आणि लावा. सगळी पिल्लं काढू नका. निदान दोन आईजवळ राहू द्या. पुढचा उन्हाळा आई काढेलच असं नाही.

रोझेट फुललं तर ते जाणार, दांडा खुडल्याने सहसा वाचत नाही. केळीचं जसं असतं तसंच: घड निसवला की ते झाड संपलं, बाग पुढे पिलांवर चालते. फुलायला मोठ्या वयाबरोबर लांब थंडीही लागते, त्यामुळे आपल्या मैदानी भागात फुलांची फार आशा धरू नका.

## ८. होळी ते मृग

होळीच्या आधीच कुंड्या दुसऱ्या जागी हलवा. पानं भाजल्यावर हलवण्यात अर्थ नाही. मार्चपासून कुंडी बदलणं, पिल्लं काढणं, खत देणं, छाटणं, सगळं बंद.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास रोझेट मिटायला लागतं. बाहेरची पानं कागदासारखी वाळतात, आतली एकमेकांवर घट्ट बसतात, रंग फिका पडतो, आणि पसरून फुललेलं रोप लिंबाएवढा गोळा होऊन बसतं. ही त्याची झोप आहे. इथेच लोक घाबरतात आणि तांब्या उचलतात.

तरीही पूर्ण कोरडं ठेवून चालत नाही. एप्रिल-मेतली आपली हवा इतकी कोरडी असते की छोट्या कुंडीतली मुळं वाळून तुटतात. म्हणून दहा-बारा दिवसांनी, पहाटे उजाडण्याआधी, कुंडीच्या कडेने अर्धी वाटी पाणी. पहाटेच का? कारण तेव्हा कुंडी दिवसातली सगळ्यांत गार असते आणि दुपारपर्यंत वरची ओल उडून गेलेली असते. संध्याकाळी कुंडी आतून अजून तापलेली असते, तेव्हाचं पाणी धोक्याचं. आणि पाणी माठातलं किंवा रात्रभर बादलीत ठेवलेलं घ्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणाऱ्या पाण्याने हात भाजतो, मुळांचं काय होत असेल!

तपासणी, दर आठवड्याला:
- गाभा घट्ट, बाहेरची पानं कोरडी आणि तपकिरी: ठीक आहे, काही करू नका.
- सगळं रोझेट सुरकुतलेलं, गाभा दाबल्यावर थोडा लवचीक: तहान आहे, पहाटे अर्धी वाटी.
- पान पिवळट, काचेसारखं पारदर्शक, दाबल्यावर पाणी सुटतं: सड. पाणी पूर्ण बंद, कुंडी बाकीच्यांपासून दूर.

कडुलिंबाचं तेल या दिवसांत फवारू नका. तेलाच्या थरावर ऊन पडलं की पानं भाजतात. कीड दिसली तर स्पिरिटची काडी, तीही सूर्य मावळल्यावर.

रोहिणी नक्षत्रात आभाळ भरून येतं, उकाडा वाढतो आणि कधी वळवाची सर कोसळते. तापलेल्या कुंडीवर पडलेली ती एक सर मे महिन्याच्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवते. म्हणून पावसाळी छप्पर मृगाची वाट न पाहता मेच्या तिसऱ्या आठवड्यातच तयार ठेवा.

## ९. पावसाळा आणि ऑक्टोबर

छप्पर पारदर्शक हवं, पॉलिकार्बोनेट पत्र्याचं किंवा जाड प्लास्टिकचं. बाजू उघड्याच ठेवा. वाऱ्याने तिरपा पाऊस आत येतो त्या बाजूला जाळी लावली की पुरे. कुंड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा, खाली ताटल्या ठेवू नका.

पाणी? जवळपास नाही. हवेतच ओल असते. आपल्याकडे पाऊस मध्येच दडी मारतो, तशी पंधरा दिवसांची उघडीप पडली आणि काडी खणखणीत कोरडी निघाली, तर सकाळी अर्धी वाटी. एरवी हात मागे.

वाळलेली पानं आता मात्र सोलून काढा. उन्हाळ्यात त्यांनी गाभ्याला सावली दिली, पावसाळ्यात त्यांच्याखाली बुरशी वाढते. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचा. मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना दिसली तर मिलीबग शोधा, त्या दोघांचं साटंलोटं असतं.

सड दिसलीच तर रोप उपटा. खोड ब्लेडने पातळ चकत्यांनी कापत जा, पांढरा स्वच्छ भाग येईपर्यंत, प्रत्येक कापानंतर ब्लेड स्पिरिटने पुसा. पांढरा भाग आला तर तीन-चार दिवस वारा लागेल असं सुकवा आणि कोरड्या खडीवर नुसतं ठेवा. तपकिरी रेघ थेट गाभ्यापर्यंत गेली असेल तर सोडून द्या आणि पिल्लं वाचवा. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक शेतीच्या दुकानात मिळतं, लिटरला अडीच ग्रॅमने शेजारच्या कुंड्यांवर फवारता येतं. पण माती पाणी धरत असेल तर औषध काही कामाचं नाही.

कानबाई झाली, पोळा झाला, गणपती गेले की वाटतं संपलं एकदाचं. नाही. ऑक्टोबरमध्ये आभाळ अचानक निरभ्र होतं, आणि तीन महिने मऊ उजेडात राहिलेली पानं त्या उन्हात एका दुपारीत भाजतात. जाळी दिवाळीपर्यंत काढू नका. काढतानाही आधी सकाळचं ऊन, मग हळूहळू बाकीचं.

## १०. संग्रह: नाव हरवलं की जात हरवली

हाउसलीकच्या नाव दिलेल्या जाती हजारोंनी आहेत आणि त्यातल्या कित्येक ऑगस्टमध्ये एकमेकींसारख्याच हिरव्या दिसतात. लेबल हरवल्यावर ‘नंतर ओळखू’ म्हणणं व्यर्थ आहे.

मार्करची शाई आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात उडते. साध्या पेन्सिलीने लिहिलेलं टिकतं. त्याहून बरं म्हणजे थंड पेयाच्या अॅल्युमिनियम डब्याची पट्टी कापून तिच्यावर खिळ्याने नाव कोरणं (कडा धारदार असतात, आधी दुमडून घ्या). एक पट्टी बाहेर, दुसरी मातीत कडेला पुरलेली. खारी आणि कबुतरं बाहेरची पट्टी उपसून नेतात, तेव्हा पुरलेली कामाला येते. वहीत नाव, कुठून आलं, महिना, आणि दोन फोटोंची नोंद: एक जानेवारीतला, एक ऑगस्टमधला. दोन्हींशिवाय ओळख पूर्ण होत नाही.

नाव माहीत नसेल तर ‘नाव नाही, लाल टोक, धुळे’ असं सरळ लिहा. अंदाजाने दिलेलं नाव पुढे दहा घरांत चुकीचं पोचतं.

प्रत्येक जातीच्या दोन कुंड्या, दोन वेगळ्या जागी. तिसरं पिल्लू दुसऱ्या गावातल्या मित्राकडे किंवा मावशीकडे, जमलं तर नाशिककडे, जिथे उन्हाळा थोडा मवाळ असतो. दोन्ही कुंड्या एकाच वळवाच्या सरीत गेल्या तर परत मागायला कुणीतरी असतं. नवीन जात वाढवण्याआधी जुन्या जातीने इथला एक अख्खा उन्हाळा-पावसाळा काढला पाहिजे, हा नियम मी कडक पाळायला सांगेन. एका हिवाळ्यात वीस जाती आणणाऱ्याकडे पुढच्या दिवाळीला वीस लेबलं उरतात.

अदलाबदलीत आलेलं रोप थेट संग्रहात ठेवू नका. महिनाभर वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या फळीवर ठेवा, आणि तिथलं पाणी घालायचं भांडंही वेगळं असू द्या. महिना संपल्यावर ते कुंडीतून काढून मुळं पुन्हा एकदा पाहा. मुळांवरचा मिलीबग वरून दिसत नाही.